बिनसीटची गाडी

मंजुळानं सही द्यायला एकच अट घातली आणि ओटीवर बसलेली सगळी माणसं पोट धरून हसली. हसणारच. बाई त्रेचाळिशीची, लेक कॉलेजात, जिना चढताना गुडघा कुरकुरतो, आणि मागते काय, तर मोटरसायकल!

त्याचं असं झालं. कोपरच्या खाडीकडच्या त्या गावात मंजुळाच्या बापाची, परशुरामची, भातशेती होती आणि थोडं मिठागर होतं. परशुराम गेल्याला वर्ष होत आलं होतं. जमीन बिल्डरला द्यायचं ठरलं होतं. धाकट्या भावाची, दिपेशची, सही झालेली, आई लक्ष्मीचा अंगठा झालेला. अडलं होतं ते लेकीच्या हक्कसोडीवर. हक्कसोड म्हणजे काय, तर लग्न होऊन गेलेल्या लेकीनं बापाच्या जमिनीतला आपला वाटा भावाच्या पदरात टाकायचा, आणि भावानं तिला साडीचोळी करून, पोटभर जेवू घालून वाटेला लावायचं. कायदा काय म्हणतो ते कायद्यापाशी. गावात रीत ही. वर म्हणायचं राजीखुशी! कसली डोंबलाची राजीखुशी? न देणाऱ्या लेकीला गाव ‘कोर्टवाली’ म्हणतं. ती भाऊबीजेचं ताट घेऊन गेली, तर दार उघडायलाच कोणी येत नाही.

“मी दिली, माज्या बहिनींनी दिली,” आत्या रंगूबाई त्या दिवशी ओटीवर सुपारी कातरता कातरता म्हणाली. “सही दिली का म्हायेरात पाय ठेवाला जागा र्‍हाते गो. नाय दिली तर भाव कोरटात भेटतो, घरात नाय.”

मंजुळानं वाद घातला नाही. सही द्यायची हे ठाण्यातून आलेल्या वकिलाआधी तिलाच माहीत होतं. तिला भाऊ हवा होता, आई हवी होती, सणावाराला उतरायला हे घर हवं होतं. दिपेशही काही वाईट माणूस नव्हता हो. गळ्यात बोटभर जाड साखळी, हातात दोन फोन, जीभ मोकळी आणि मनही मोकळं.

“ताय, तू फक्त बोल,” तो म्हणाला. “सोना बोल, फ्रीज बोल, ऋतिकाच्या कॉलेजचा बोल. तुझा भाव नाय बोलनार नाय.”

“मना गाडी पायजे,” मंजुळा म्हणाली. सासरी ती शुद्ध बोलायची, माहेरच्या ओटीवर पाय टाकला की जीभ आपोआप जुन्या वळणावर जायची.

“फोर व्हीलर? उद्याच बघू.”

“मोटरसायकल. दगडावर चढवायची असते ती. आनी ती मी निवडनार, तू नाय.”

मग ते हसणं. मंजुळाचा नवरा संदेश कोपऱ्यात बसला होता, तो तर लाजून चपला शोधायला लागला.

आता हे खूळ आलं कुठून? खूळ कसलं, जुनं दुखणं होतं ते. गावाच्या मागं, मिठागराच्या वाटेवर एक उघडा खडक होता. काळाकुट्ट, टप्प्याटप्प्यानं चढत गेलेला, शेवटचा टप्पा छातीइतका उंच. परशुरामकडे एक जुनी धुराडी मोटरसायकल होती. मिठागरावर न्याहारी पोचवायला त्यानं लेकीला ती शिकवली, कारण दिपेश तेव्हा चड्डी सांभाळायच्या वयाचा. न्याहारी पोचवून झाली की पोरगी गाडी खडकाकडे वळवायची. वेगात नाही हं. माणूस चालतो त्याहून हळू. पायाच्या दांड्यांवर उभं राहायचं, क्लच बोटावर तोलायचा, आणि गाडीला एकेक धोंडा समजावत वर न्यायचं. परशुराम खाली बिडी ओढत उभा राहायचा आणि ओरडायचा, “पाय टेकू नको गो! पाय टेकलास का हारलीस!”

सगळे टप्पे झाले. शेवटचा एक राहिला. तिच्या एकोणिसाव्या वर्षी स्थळ सांगून आलं, आणि ज्या बापानं गाडी शिकवली त्याच बापानं किल्ली काढून कनवटीला लावली. “पावन्यांनी बघितला तर काय म्हनतील?” एवढंच बोलला. मंजुळा आठवडाभर जेवली नाही. कोणी फार विचारलंही नाही. पोरी लग्नाआधी जेवत नाहीतच, असं म्हणून बायका पापड लाटत राहिल्या.

त्यानंतर स्कूटर. दळण, ट्यूशन, सासूचा दवाखाना, ठाकुर्लीच्या पुलाखालून भाजी. गाडी चालवणं म्हणजे ओझी वाहणं, हे तिनं निमूट मान्य करून टाकलं. मग एका रविवारी ऋतिकानं मोबाईल नाकापुढं धरला. “मम्मी, बघ ना, ही बाई काय करतेय! तू सांगायचीस ना, आजोबा खाली उभे राहायचे, सेम तेच!” परदेशातली कुणी बाई, सीट नसलेली बारकी गाडी, आणि समोर हा एवढा धोंडा. पायही न टेकता ती वर गेली. ह्याला ट्रायल्स म्हणतात, ह्याच्या स्पर्धा असतात, हे मंजुळाला त्या दिवशी कळलं. आपण पोरपणी जे चोरून करत होतो त्याला जगात नाव आहे, आणि ते आपल्याला कुणी सांगितलं नाही, ह्याचा तिला इतका संताप आला की तिनं पोळी तव्यावरच जाळली. त्या दिवसापासून तिच्या डोक्यात तो शेवटचा टप्पा पुन्हा जागा झाला. एकदा, मरायच्या आधी एकदा, पाय न टेकता त्या खडकाच्या माथ्यावर जायचं. बस. दुसरं काही नको होतं तिला.

गाडी बघायला ती, ऋतिका आणि दिपेश ठाण्याला कोलशेतकडे गेले. एका बंद पडलेल्या कारखान्याच्या शेडमध्ये देवेश नावाचा माणूस अशा गाड्या बाहेरून मागवून विकायचा. स्वतःही स्पर्धेत उतरायचा. नडगीवर जुने वण, तोंडात सतत बडीशेप.

“चालवणार कोण?” त्यानं दिपेशकडे बघून विचारलं.

“मी,” मंजुळा म्हणाली.

त्यानं तिला एकदा खालून वर बघितलं, पण हसला नाही. “आधी चालवलीय?”

“चालवलीय. मध्ये संसार केला.”

तीन गाड्या होत्या. पहिली तीनशे सीसीची, लालभडक, जवळजवळ नवी. ती बघताच दिपेश पाघळला. “हीच घे ताय! घरची इज्जत हाय. आपल्याकडची बाय बारकी गाडी घेऊन फिरनार काय?” देवेश म्हणाला, परत सुरुवात करणाऱ्यानं ही घेऊ नये, हिला मनगट जरा जास्त पिळलेलं चालत नाही. पण दिपेशच्या हट्टाखातर मंजुळा तिच्यावर उभी राहिली. क्लच सोडला मात्र, पुढचं चाक थेट आकाशात, गाडी एकीकडे आणि मंजुळा दुसरीकडे. कोपर सोलपटलं. ऋतिका किंचाळली. दिपेशनं धावत येऊन आधी गाडीला ओरखडा पडलाय का ते बघितलं, आणि मग स्वतःचीच जीभ चावली.

दुसरी सव्वाशेची. हलकी, गरीब गाय. पण चाळिशी ओलांडलेल्या बाईचं वजन घेऊन विटांच्या ढिगावर चढताना ती मध्येच मान टाकायची. सारखी पिळावी लागायची, बोंबलायची नुसती.

तिसरी कोपऱ्यात होती. अडीचशेची, वापरलेली, पत्र्यावर पोचे, रंग उडालेला. “ही म्हातारी आहे,” देवेश म्हणाला, “पण घाई करत नाही.” थंडीत कीक मारून मारून घाम निघतो, हेही त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं. मंजुळा तिच्यावर उभी राहिली. इंजिन टुकटुक करत होतं. तिनं एका बोटानं क्लच तोलला, गुडघे सैल सोडले, आणि गाडी जुन्या टायरांच्या राशीवर सावकाश, बिनबोभाट चढली. उतरताना तोल गेला आणि डावा पाय खाली आला.

“एक,” देवेश म्हणाला. “पाय टेकला की एक गुण. गुण जितके जास्त तितके तुम्ही मागे.”

मंजुळाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. बापाचा राग चोवीस वर्षं तिनं पदरात बांधून ठेवला होता, त्यातला थोडा तिथं सांडला. “हीच,” ती म्हणाली.

“ताय, भंगार हाय ते!” दिपेश कळवळला. “लोकं बोलतील, भावानी बहिनीला जुनी गाडी दिली.”

“लोकांना चालवायची नाय. मना चालवायची हाय.”

देवेशनं मान हलवली. “निवड चांगली आहे. पण ताई, एक विचारू? चालवणार कुठे? हिला दिवा नाही, नंबर नाही, ही रस्त्यावर न्यायची नाही. लोक गाडी आधी घेतात आणि मग जागा शोधत हिंडतात. माझ्याकडून नेलेली एक गाडी इथंच ठाण्यात गॅलरीत उभी आहे. तिच्यावर टॉवेल वाळत घालतात. खरं तर गाडीआधी जागा बघावी.”

ह्यावर बहीणभाऊ दोघंही हसले, अगदी एका सुरात.

“जागा?” दिपेश म्हणाला. “भाव, तू आमाला जागा विचारतोस? आमच्याकडे दुसरा हायच काय?”

“खडक आहे आमचा,” मंजुळा म्हणाली. “तिथंच शिकले मी. तिथंच चालवीन.” दिपेशनंही मान डोलावली आणि वाजणारा फोन कानाला लावला.

श्रावणात कल्याणच्या ऑफिसात सह्या झाल्या. वकिलानं सगळं भराभर वाचून दाखवलं, आकडे, हिस्से, चतुःसीमा. कोण ऐकतं? मंजुळा मनातल्या मनात एकेका शेताचा निरोप घेत होती. विहिरीजवळचं खाचर, जिथं आवणाच्या, म्हणजे भातलावणीच्या वेळी आईच्या पाठीमागं ती चिखलात लोळायची. लांबट खाचर. मग मिठागर, जिथं उन्हात डोळे दिपायचे. एवढीच जमीन. खडकाला त्या घरात कधी कोणी जमीन म्हटलंच नव्हतं. त्याच्यावर ना भात पिकला, ना मीठ. चुलत्यांशी वाटण्यांवरून डोकी फुटली तेव्हासुद्धा खडक कोणी मागितला नव्हता. तिनं नीट, वळणदार सही केली. बाहेर आल्यावर दिपेशनं तिच्या पायाला हात लावला आणि तो खरोखर रडला. तीही रडली. संदेशनं सगळ्यांना मिसळ खाऊ घातली.

गाडी दसऱ्याला आणायची ठरली. वाहन दसऱ्याला दारात यावं, ही त्या घरची पद्धत. सकाळीच देवेशचा टेम्पो आला. दिपेशनं टोपलीभर झेंडू आणला होता. आईनं हळदकुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला. घरातल्या थोर माणसानं नव्या गाडीवर आधी बसायचं, म्हणून दिपेशनं आईला हात धरून पुढं आणलं. आई गाडीभोवती एक फेरी मारून आली.

“बसू कथं?” लक्ष्मीनं विचारलं.

“सीटच नाही तिला,” ऋतिका म्हणाली. “उभं राहूनच चालवायची, आजी.”

ओटी पुन्हा हसली. “बिनसीटची गाडी!” रंगूबाईनं कपाळाला हात लावला. “बायेनं मागून मागून मागला काय, तर जिच्यावर बसाला जागा नाय!”

“हसा, हसा,” मंजुळा म्हणाली. आज तिला कशाचाच राग येत नव्हता. साडी सोडून ऋतिकाची ट्रॅक पँट घातलेली, पायात जाड बूट, डोक्यावर हेल्मेट. शेजारपाजारच्या बायका तोंडाला पदर लावून बघत होत्या. तिनं कीक मारली. नाही. पुन्हा मारली. नाही. नवव्या-दहाव्या कीकला म्हातारी खोकली आणि टुकटुकायला लागली. मंजुळा दांड्यांवर उभी राहिली आणि हँडलला झेंडूची माळ तशीच ठेवून मागच्या वाटेनं निघाली. ऋतिका मोबाईल घेऊन मागं धावत होती. बांधाची वाट ओली होती, गाडी घसरत होती, पण तिनं पाय टेकला नाही. एकदाही नाही. आंब्याचं झाड गेलं, जुनी विहीर गेली. बाबा, बघा, ती पुटपुटली, बघा आता.

वळण घेतलं आणि समोर पत्रे होते. निळे, डोक्याच्या वर जाणारे, इकडून थेट खाडीपर्यंत. त्यावर रंगीत इमारतीचं चित्र आणि ह्या एवढ्या अक्षरांत ‘परशुराम हाइट्स’.

मंजुळानं पाय टेकला.

पत्र्याच्या फाटकाला फट होती. तिनं गाडी तशीच आडवी टाकून आत डोकावलं. खडकाचे खालचे टप्पे नव्हतेच. तिथं पांढरट खड्डा होता आणि खड्ड्यात फोडलेल्या धोंड्यांचे ढीग. माथा तेवढा अजून उभा होता, अर्धा, एका बाजूनं कापलेला. त्याच्या पायथ्याशी पिवळं पोकलेन उभं होतं. दसरा म्हणून काम बंद होतं. पोकलेनच्या सोंडेला झेंडूची माळ होती. सकाळच्याच टोपलीतली.

“हतं कशाला आलीस ताय?” दिपेश बुलेटवरून उतरत म्हणाला. तो मागोमाग आला होता. “आज काम बंद हाय. मी सकाली फक्त मशीनची पूजा करून गेलो.”

“मशीन तुझं?”

“मग काय! खोदायचा काम आपल्यालाच भेटला. लय कडक दगड हाय गो, ब्रेकर टिकत नाय.”

“दिपेश, खडक पण दिलास?”

“म्हंजे?” त्याला प्रश्नच कळला नाही. “सगलाच दिला ना. खडक काय वेगला ठेवतात? पोटखराबा असतो तो, शेताच्याच सातबाऱ्यावर असतो. वकिलानी वाचला नाय का तुझ्यासमोर?”

वाचला होता. पोटखराबा म्हणजे नापीक तुकडा, हे तिला माहीत होतं. त्या शब्दाखाली तिचा खडक आहे, हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

“मी बोल्ले होते तुना,” तिचा आवाज फाटला. “त्या शेडमध्ये. खडकावर चालवीन म्हनून. तू मान डोलावलीस! अरे, दुसरा मागला काय मी? सगली जमीन तुझ्या घशात घातली, चकार शब्द नाय बोल्ले. ह्या एवढ्यासाठी रे, ह्या काल्या धोंड्यासाठी!”

दिपेशचं तोंड उतरलं. “डोक्यातच नाय आला ताय. आईशप्पथ. तू बोल्लीस, मी ऐकला, पन... डोक्यातच नाय आला.”

आणि तो खरं बोलत होता. हेच तर वाईट होतं. लबाड असता तर त्याच्या झिंज्या उपटता आल्या असत्या, गाव गोळा करता आलं असतं. ह्याच्याशी भांडायचं कसं? ह्यानं फसवलं नव्हतं. ती एवढी जीव तोडून काहीतरी मागतेय, हे त्याला कधी खरंच वाटलं नव्हतं. बापालाही वाटलं नव्हतं. तिला रडू कोसळलं. हेल्मेटच्या आत, उभ्याउभ्या, नाक वाहीपर्यंत ती रडली.

ऋतिका धापा टाकत येऊन पोचली आणि तिनं मोबाईल खाली केला. बहिणीचं रडणं दिपेशला कधीच बघवायचं नाही. तो कासावीस झाला. मग त्याला काहीतरी सुचलं आणि त्याचा चेहरा उजळला.

“अगं, रडतेस काय? खडकच पायजे ना तुना? हे बघ, पोकलेन आपला, डंपर आपले, दगड आपले. मोठे मोठे धोंडे बाजूला काढतो तुझ्यासाठी. तुना पायजेत तसे रचून देतो, टप्पे करून. बाबांच्या येलेला होता तसा नवीन खडक बांधून देतो! दोन गाड्या? पाच? धा गाड्या बोल!” त्यानं लगेच फोन लावला. पलीकडे ड्रायव्हर असावा. “हां, उद्या पहिला डंपर आपल्या ताईचा. हां, धोंडे, मोठेवाले. थांब.” त्यानं फोनवर हात ठेवला. “ताय, सांग फक्त. टाकू कुठं?”

मंजुळानं तोंड उघडलं. ठाकुर्लीला चौथ्या मजल्यावर दोन खोल्या, संदेशच्या नावावर. खाली पार्किंग, तिथं सायकल लावली तरी सेक्रेटरी पाटी लावतो. इकडे हे पत्रे. पत्र्यांच्या अलीकडे बांध, तोही दिलेला. बांधापुढं वाडी, तिच्यावर दुसरी बिल्डिंग यायची आहे. राहिलं घर आणि ओटी, ती दिपेशची. ती ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत मनानं जाऊन आली. एवढ्या जमिनीची लेक ती. चार धोंडे ठेवायला जागा सापडेना.

“बोल ना ताय,” दिपेश प्रेमानं म्हणाला. “कुठं टाकू?”

“टाक माझ्या डोक्यावर,” मंजुळा म्हणाली.

दिपेश खो खो हसला. लहानपणापासून ताय अशीच बोलायची. त्यानं डोळ्यांच्या कडा पुसल्या आणि फोन पुन्हा कानाला लावला.

“थांब रे जरा,” तो ड्रायव्हरला म्हणाला. “ताय जागा सांगते.”